लिहून देणार

काशिराम घरत माणसांना नावाने ओळखत नसे, दस्ताने ओळखत असे. टपाल नाक्यावर उभं राहून तो सांगायचा, हे गहाणखत चाललंय, ती निळ्या साडीतली बक्षीसपत्र, आणि तो टोपीवाला मृत्युपत्र, दोनदा बदललेलं. ओळख अशी वेगवेगळी असली तरी सगळ्यांबद्दल त्याचं मत एकच होतं. अडाणी. शिकलेले असले तर शिकलेले अडाणी, एवढाच काय तो फरक.

पनवेलला नोंदणी कार्यालयाच्या गल्लीत झेरॉक्सवाल्याला खेटून त्याचा गाळा होता. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने दारात उभं राहायचं. टेबल, कॉम्प्युटर, खोकत चालणारा प्रिंटर, बाहेर गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आणि 'का. हि. घरत, दस्तलेखक' अशी पाटी. त्रेचाळीस वर्षं तो इथेच बसून लोकांचे कागद लिहीत आला होता. काळे कोट घातलेले वकील गुपचूप त्याच्याकडून मसुदा नेत आणि स्वतःच्या नावाने खपवत, म्हणून वकिलांना तो 'पोस्टमन' म्हणायचा. मोबाइलवरून फुकटचा मसुदा उतरवून आणणाऱ्यांना तर तो नावही देत नसे. अशा एकाच्या कागदात 'येथे वडिलांचे नाव लिहा' हे तसंच राहिलं होतं. "तुमच्या वडिलांचं नाव वेगळंच आहे हो," असं काशिराम सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणाला होता.

त्याचा हातखंडा म्हणजे हक्कसोडपत्र. बाप वारला की जमिनीच्या सातबाऱ्यावर भावांबरोबर बहिणींचीही नावं लागतात. ती नावं काढायची तर बहिणींनी लिहून द्यावं लागतं की आमचा हिस्सा आम्ही भावाला सोडला. बहीण येते, सही नाहीतर अंगठा देते, कॅमेऱ्यासमोर बसते, भाऊ तिला साडी घेतो, आणि दोघं हॉटेलात मसाला डोसा खाऊन आपापल्या गावी जातात. असे कागद काशिरामने किती केले याचा हिशोब त्याच्याकडेच नव्हता. कॉम्प्युटरमध्ये 'हक्कसोड मूळ' नावाची एक फाइल होती. तिच्यात नावं, वयं आणि गट नंबर बदलायचे, की झाला दस्त. बाकीचा मजकूर त्याने पहिल्याच वर्षी टाइपरायटरवर घडवला होता आणि त्यातला काना-मात्राही पुढे हलवला नव्हता.

या दस्तात सोडणाऱ्या बहिणीला 'लिहून देणार' म्हणतात आणि भावाला 'लिहून घेणार'. लिहून देणारीने जन्मात पेन धरलेलं नसलं तरी चालतं.

अशा या काशिरामच्या बाकड्यावर मागच्या पावसाळ्यानंतर देवेश नावाचा एक प्राध्यापक येऊन बसू लागला. वय तिशीचं, दाढी कोरलेली, खांद्याला कापडी पिशवी. मुंबईच्या बाजूच्या कुठल्याशा कॉलेजात तो कायदा शिकवत होता आणि जर्मनीत सहा महिने राहून आला होता. त्याचा विषय होता देशोदेशींच्या कायद्यांची तुलना कशी करावी. तुलना नव्हे, तुलना कशी करावी. हे ऐकून काशिरामने चहाचा कप खाली ठेवला.

"म्हणजे सर, तुम्ही भाजी नाही विकत. तराजू कसा धरावा ते शिकवता."

"एक्झॅक्टली, काका!" देवेशला टोमणा कळला नाही. त्याला टोमणे कळतच नसत. त्यामुळे काशिरामचे पुष्कळसे चांगले टोमणे फुकट गेले.

देवेश मग उत्साहाने सांगायचा. शब्दाला शब्द लावून पाहिलं तर फसगत होते, कारण तिकडचा शब्द इकडे नसतो आणि इकडचा तिकडे. म्हणून आधी शब्द सोडून द्यायचे आणि प्रश्न धरायचा. उदाहरणार्थ, घरातली जमीन तुकडे न पडता एकाच पोराकडे कशी राहते? हा प्रश्न सगळीकडे आहे. मग कुठला देश तो कसा सोडवतो ते पाहायचं. पुष्कळदा असं दिसतं की वाटा निराळ्या असल्या तरी लोक येऊन पोहोचतात एकाच ठिकाणी.

"म्हणजे घरोघरी मातीच्या चुली," काशिराम म्हणाला.

"तसं म्हणता येईल."

"हे सांगायला विमानाने जावं लागलं?"

खरं तर तुलना काशिरामही करत होता आणि ती देवेशपेक्षा जुनी होती. खाडीकडच्या कोळणी दस्तावर सही करण्याआधी कागद उलटा-सुलटा करून पाहतात, कारण मासळी पाहून घ्यायची सवय. पळस्प्याकडच्या बहिणी नवऱ्याला सोबत आणतात आणि नवराच बोलतो. नेऱ्याकडच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मुलखातल्या, काहीच विचारत नाहीत. "कुठं करू?" एवढंच. एका तालुक्यात तीन देश त्याने बसल्या जागेवरून पाहिले होते आणि त्यासाठी त्याला कोणी शिष्यवृत्ती दिली नव्हती. हा विचार मनात आला की त्याला देवेशची कीव यायची. कीव म्हणजे तुच्छताच, पण जरा गोड केलेली.

देवेशने त्याच्याकडून तीनशे जुने मसुदे मागून घेतले, नावं झाकून. दोन महिन्यांनी तो एक मोठा तक्ता घेऊन आला. एका रकान्यात जर्मनी, एकात जपान, एकात भारत. काशिरामने चष्मा लावून तो तक्ता वाचला आणि पहिल्यांदा थांबला तो 'दस्ताचा लेखक' या ओळीवर. जर्मनीसमोर लिहिलं होतं 'नोटरी'. भारतासमोर लिहिलं होतं 'बहीण स्वतः'.

"बहीण?"

"तुमच्या प्रत्येक दस्तात आहे ना, काका. लिहून देणार."

काशिराम इतका हसला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. डोळे पुसून त्याने पुढची ओळ पाहिली. 'दस्ताचे वाचन.' जर्मनीत म्हणे नोटरीने सगळा कागद पक्षकारांसमोर मोठ्याने वाचावाच लागतो, मध्ये थांबून समजलं का विचारावं लागतं, आणि वाचलाच नाही तर कागद रद्द. भारतासमोर देवेशने लिहिलं होतं: 'वाचन होते. सर्व तीनशे दस्तांत नमूद. साम्य पूर्ण.'

"सर, कुठे नमूद आहे?"

देवेशने शेवटच्या कलमावर बोट ठेवलं. 'सदर दस्त लिहून देणार हिस वाचून दाखविला, तो तिला समजला व मान्य आहे.'

"अहो, ते कॉम्प्युटरमध्ये पडलेलं आहे," काशिराम म्हणाला. "बाई जन्मायच्या आधीपासून तिला तो वाचून दाखवलेला आहे. नशापाणी न करता, अक्कलहुशारीने, हेही त्यातच आहे. मी काय बायकांची तोंडं हुंगतो? तुमची शब्द सोडून द्यायची पद्धत कुठे गेली? तुम्ही तर शब्दालाच लोंबकळलात."

देवेशचा चेहरा उतरला. मात्र शिकलेल्या अडाण्याचा एक गुण असतो, तो लगेच दुसरा प्रश्न काढतो. त्याने विचारलं, मग एकदा तिकडच्यासारखा इकडचा दस्त वाचला तर? सगळा, मोठ्याने, थांबत थांबत? किती वेळ लागेल, काय घडेल?

"काहीच घडणार नाही," काशिराम म्हणाला. "तिकडे माणसं एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत म्हणून वाचावं लागतं. इकडे बहीण आहे. गुरुवारी माझ्या स्वतःच्या बहिणीचा दस्त करतोय. या, घड्याळ लावून बसा. मी वाचतो, ती सही करेल, आणि तुमचा तो रकाना एकदाचा भरून टाका."

हे बोलायची काही गरज नव्हती. जनी न वाचताच सही करणार होती. तिने फोनवर "कर कागद, कवा येऊ सांग" एवढंच म्हटलं होतं. पण एका प्राध्यापकाला तोंडघशी पाडायची संधी काशिरामने आजवर सोडली नव्हती, आणि पायावर धोंडा मारून घ्यायचा तर माणूस तो स्वतःच उचलून आणतो.

जमीन होती नेऱ्याच्या पुढे, डोंगराखाली, बापाकडून आलेली, बत्तीस गुंठे. एका कडेला बावडी, बावडीजवळ जांभूळ. आजूबाजूला फार्महाउसं झाली होती आणि मुलुंडच्या एका माणसाला हाही तुकडा हवा होता. सोमवारी तो कागद पाहायला येणार होता. त्याची अट एकच, सातबाऱ्यावर दुसरं नाव नको. काशिरामच्या मुलाने, हरेशने, या भरवशावर नवीन पनवेलात मोठा फ्लॅट बघून ठेवला होता. बापाच्या मागे सातबाऱ्यावर वारस म्हणून नावं दोघांचीच लागली होती, काशिराम आणि त्याच्याहून चार वर्षांनी मोठी जनी. म्हणजे सगळं अडलं होतं ते जनीच्या एका सहीवर. ती नवरा गेल्यापासून कर्नाळ्याच्या बाजूला दिराच्या घरात पडवीतल्या एका खोलीत राहत होती. खोलीचं दार दिराच्या गोठ्यात उघडत होतं. काशिरामला हे माहीत होतं. तो दर भाऊबीजेला तिथे जाऊन आला होता आणि दर वेळी घाईत होता.

गुरुवारी जनी अकराच्या सुमारास आली. सदुसष्ट वर्षांची, सडसडीत, डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीतून तिने तांदळाच्या भाकऱ्यांचं फडकं काढून काशिरामच्या टेबलावर ठेवलं.

"सही कुठं करायची दाव. एकची यष्टी हाय माजी."

मग तिला कोपऱ्यात मोबाइल समोर धरून बसलेला देवेश दिसला. "हे कोन?"

"कॉलेजचे सर हायेत. परदेशातून आलेत. आपन कागद कसा करतो ते बगायला." बहिणीशी बोलताना काशिरामच्या तोंडात गावची बोली आपोआप यायची. देवेशसमोर आली म्हणून तो जरा अवघडला.

"आमचा कागद? तिकडं कागद नाय काय?"

"मावशी, तिकडे ना, सहीच्या आधी सगळा कागद मोठ्याने वाचतात," देवेश म्हणाला. "ज्याची सही त्याला सगळं कळलंच पाहिजे."

"मग बरा देस हाय तो. वाच रं काशा."

बाहेरच्या बाकड्यावर पळस्प्याकडचे एक बहीण-भाऊ आपल्या पाळीची वाट पाहत बसले होते. तेही कान देऊन ऐकू लागले. काशिरामने घसा साफ केला आणि भटजी मंत्र म्हणतो तशा वेगात सुरुवात केली. 'लिहून घेणार श्री. काशिराम हिरू घरत, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा दस्तलेखन. लिहून देणार श्रीमती जनी पांडुरंग भोईर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा घरकाम.'

"काका, हळू," देवेश म्हणाला. "नोटरी थांबून विचारतो."

"बाय, समजलं ना?" काशिरामने नाटकीपणे विचारलं.

"लिवून देनार कोन?"

"तू."

"मना लिवता कवा आलं? सही येते तेवरी."

"तशी बोलायची पद्धत हाय."

"आनि धंदा घरकाम?"

"ज्याला काय धंदा नाय त्याला तसं लिवतात."

वयाच्या बाराव्या वर्षापासून जनी नेऱ्याहून गवताचे भारे डोक्यावर आणून पनवेलच्या तबेल्यांत विकत होती, पुढे सासरी भातशेती आणि दिराची गुरं. काशिराम पुढे गेला. गट नंबर, चतुःसीमा, पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. मग आलं चौथं कलम. हे कलम त्याचं लाडकं होतं. बहीण पुढे कोर्टात गेली तर तिचं तोंड बंद करायला ते पुरेसं आहे, असं वकिलांनीसुद्धा त्याला सांगितलं होतं.

'कलम चार. लिहून देणार हिचे लग्न वडिलांनी स्वखर्चाने थाटामाटात करून दिलेले असून त्या वेळी तिला सोन्याचे दागिने, भांडीकुंडी व वस्त्रे देऊन वडिलोपार्जित मिळकतीतील तिचा हिस्सा तिला पोहोच झालेला आहे, ही गोष्ट लिहून देणार हिस मान्य व कबूल आहे.'

"परत वाच."

त्याने परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याचा वेग आपोआप कमी झाला.

"कोनाचं लगीन रं हे?" जनीने विचारलं.

"बाय..."

"नाय, मी विचारते. कोनाचं? माज्या लग्नात तू होतास. बापाला लकवा मारलेला, मी पंचवीस वर्साची घोडी झालेली, आनि चुलत्याच्या पोरीच्या मांडवात माजं उरकून घेतलं. लग्नाची गानी म्हननारी धवलारीन पन चुलत्याची. तिनं माज्या नावानं येक वल पन गायली नाय. दागिने कुठलं? माज्या आज्जीच्या बुगड्या व्हत्या. त्या कुठं गेल्या, तुला म्हाईत नाय?"

काशिरामला माहीत होतं. लग्नाच्या आदल्या वर्षी जनीने त्या बुगड्या कानांतून काढून पनवेलच्या सराफाला दिल्या होत्या आणि त्यातून काशिरामला जुना मराठी टाइपरायटर आला होता. त्या टाइपरायटरवर त्याने टेबल मांडलं. त्याच टाइपरायटरवर, पहिल्याच वर्षी, त्याने हे चौथं कलम लिहिलं. त्या वेळी आपल्या कलमाचा डौल बघून तो स्वतःवरच खूश झाला होता. जनीचे कान तेव्हापासून रिकामे होते आणि ती समोर बसली असताना त्या कानांकडे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. त्याला लाज वाटली. लाज वाटण्याची सवय नसल्यामुळे त्याला आधी राग आला.

"हे सगळ्यांच्याच कागदात असतं," तो म्हणाला.

"सगल्यांच्या?"

"सगळ्यांच्या. नमुना हाय तो."

"सगल्या बापांनी सगल्या पोरींना दागिनं दिलं? आनि त्या पोरींनी सही केली?"

"वाचतंय कोन?" हे त्याच्या तोंडातून निघून गेलं. बाकड्यावरच्या बाईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

इतक्यात देवेश उत्साहाने पुढे सरकला. "काका, हे फॅन्टॅस्टिक आहे! जपानमध्ये सेम. तिकडेही बाकीची भावंडं लिहून द्यायची की आम्हाला आमचा वाटा आधीच मिळाला, आणि सगळं थोरल्याकडे राहायचं. शब्द वेगळे, काम तेच!"

जनीने त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "जपानच्या बायांच्या बुगड्या कोनी मोडल्या, तेवरं पन बगून या."

देवेशने ते लिहून घेतलं की नाही कोण जाणे. काशिरामने माउस हातात घेतला. "बाय, हे कलम खोडतो. हे बग, गेलं. आता तर झालं?"

"फुडं वाच."

'तरी लिहून देणार ही बंधुप्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने...'

"थांब," ती म्हणाली. "राजी हाय. खुशी नाय."

"म्हंजे काय?"

"म्हंजे सकालपासून राजी व्हते. भाऊ हाय, मागतोय, देऊन टाकू, मना म्हातारीला काय करायची जमीन, असं म्हनत यष्टीत बसले. खुशी नव्हती तरी राजी व्हते. तू नुसता 'बाय, दे' बोलला असतास तर डोले मिटून अंगठा पन दिला असता. पन तू माज्या तोंडात खोटं घातलंस काशा. बापानं दिलं, मना पोचलं, मी कबूल. मी मेल्यावर कोन तरी हा कागद वाचनार आनि बोलनार, जनीला सगलं मिललं व्हतं."

प्रिंटर मध्येच एकदा खोकला.

"मग काय लिवू? तू सांग, तसं लिवतो," काशिराम म्हणाला. सोमवार त्याच्या डोक्यात घिरट्या घालत होता. तिच्या तोंडचं लिहून घेतलं आणि शेवटी एक ओळ सोडल्याची टाकली की काम होईल, असा हिशोब त्याने त्यातही केला. सराईत माणूस लाजेतसुद्धा मसुदा शोधतो.

"लिव. माज्या बुगड्या मोडून भावाला मशीन घेतली."

त्याने टाइप केलं.

"लिव. त्या मशीनीवर भावानं लिवलं की बापानं मना दागिनं दिलं."

त्याची बोटं थबकली, पण त्रेचाळीस वर्षांच्या सवयीने तेही टाइप झालं, पूर्णविरामासकट.

"लिव. बावडीजवलचा कोपरा मना पायजे. जांबलीखाली येक खोली बांधीन. दिराच्या गोठ्यात मरायचं नाय मना. बाकीचं तू ठेव. पन माजं नाव त्या सातबाऱ्यावर ऱ्हाईल."

"बाय, अगं, मग तो मानूस घेनार नाय. सोमवारी..."

"मग नको घेऊ दे. वाचून दाव."

त्याने वाचून दाखवलं. आता त्याचा आवाज मंत्र म्हणणाऱ्याचा राहिला नव्हता, शाळेत उभं केलेल्या पोराचा झाला होता. जनी पुढे वाकली आणि पडद्यावर बोट ठेवलं. अक्षरं तिला लागत नव्हती. पण सुरुवातीच्या दोन ओळी कुठे असतात ते आता तिला कळलं होतं.

"हितं माज्या नावाफुडं काय?"

"लिहून देणार."

"तुज्या?"

"लिहून घेणार."

"ते 'लिवून' काढून टाक दोनी ठिकानचं," जनी म्हणाली. "मी नुसती देनार. तू नुसता घेनार. येवढ्या कागदात तेवरं खरं हाय."

ती उठली. सहीनंतर तिला द्यायला काशिरामने आणलेल्या साडीची प्लास्टिकची पिशवी ड्रॉवरमधून डोकावत होती. ती तिने स्वतःच ओढून घेतली. "ही मी नेते. ही हिश्शाची नाय, बुगड्यांची हाय," असं म्हणून ती पायरी उतरली आणि मागे न बघता स्टँडच्या दिशेने चालू लागली. एकची यष्टी तिला मिळणार होती. टेबलावरच्या भाकऱ्या अजून कोमट होत्या.

देवेश मोबाइलवर बोट चालवत होता.

"काय लिहिलंत सर?" काशिरामने विचारलं.

"वाचन अकरा मिनिटं. प्रश्न भरपूर." देवेशने ओठ चावला. "पण काका, प्रॉब्लेम असा आहे की दस्त पूर्ण झाला नाही. रजिस्टर झालेले दस्तच मी धरतोय. त्यामुळे हा नमुना वगळावा लागेल. अपवाद म्हणून."

काशिरामच्या अंगात जुना काशिराम परत आला. समोर एवढं घडलं, आणि हा गाढव म्हणतोय वगळला! तीनशे खोटे कागद तक्त्यात बसले आणि एक खरा बाहेर पडला, कारण तो खरा असल्यामुळे पुरा झाला नाही. अशा लोकांच्या हाती देशोदेशींची तुलना! तो तोंडभर काहीतरी बोलणार होता. त्याआधी सवयीने त्याने पडद्यावरचा मसुदा जपून ठेवायला बटण दाबलं. कॉम्प्युटरने नाव विचारलं. 'हक्कसोड मूळ' यात बदल करायचा का? काशिरामने 'नाही' दाबलं. मग निराळी फाइल केली आणि तिला नाव दिलं, 'जनी, अपवाद'.

नाव टाइप करून झाल्यावर ते त्याला दिसलं. त्याने देवेशकडे पाहिलं. तोंडात आलेलं वाक्य त्याने गिळलं.

"काका, आमचं काढा की आता," बाकड्यावरचा भाऊ दारात येऊन म्हणाला. "नावं दिलीत मघाशी. नेहमीचंच ना, छापा आणि द्या."

काशिरामने 'हक्कसोड मूळ' उघडली. चौथं कलम जिथल्या तिथे होतं. त्याने नावं घातली, वयं घातली, बहिणीच्या नावापुढे 'धंदा घरकाम' घातलं आणि छापण्याच्या बटणावर बोट नेलं. तेवढ्यात ती बहीण भावाला बाजूला सारून आत आली आणि जनी ज्यावरून उठली होती त्या स्टुलावर बसली.

"आदी वाचा," ती म्हणाली.

"अगं, वेळ जाईल," भाऊ म्हणाला.

"जाऊ दे." तिने पदर मांडीवर नीट घेतला. "चार नंबरपासून वाचा."